तांब्या, डोळा आणि रुपयाचं चिन्ह

दोस्तांनो, खिशात एखादं नाणं आहे का? काढा बघू बाहेर! नसेल तर बाबांकडून किराणा दुकानाचं बिल मागून घ्या, नाहीतर आईनं दुधाचे पैसे फोनवरून दिले असतील, ते तिला दाखवायला सांगा. रकमेच्या अलीकडे एक चिन्ह दिसेल, ₹. तुम्ही जन्मल्यापासून ते पाहत आला आहात. त्यामुळे तुम्हाला वाटत असेल, हे शिवरायांच्या काळापासूनच चालत आलेलं असणार! पण आईबाबांना विचारा. ते शाळेत होते तेव्हा हे चिन्ह नव्हतंच मुळी. गणिताच्या वहीत ते ‘रु.’ असं लिहायचे, आणि इंग्रजी शाळेतली मुलं ‘आर’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरं जोडून काम भागवायची. हे चिन्ह आलं २०१० साली. म्हणजे वयानं ते तुमच्या शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या दादाहूनही लहान!

बरं, ते काढलं कुणी? रिझर्व्ह बँकेतल्या मोठ्या साहेबांनी? नाही. एखाद्या बड्या जाहिरात कंपनीनं? तेही नाही. मुंबईत पवईला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्यानं.

विद्यार्थी म्हणजे पाठीवर दप्तर घेऊन जाणारा नव्हे हं. डी. उदयकुमार त्यांचं नाव. मूळचे तामिळनाडूचे. चेन्नईत वास्तुकला शिकले, म्हणजे इमारतींचे आराखडे काढायला शिकले, आणि मग मुंबईच्या आयआयटीत डिझाइन शिकायला आले. तिथल्या ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’मध्ये ते पीएचडी करत होते. विषय कोणता, तर तमिळ अक्षरांची वळणं! २००९ साली केंद्र सरकारनं जाहीर केलं की रुपयाला स्वतःचं चिन्ह हवं. डॉलरला आहे, पौंडाला आहे, येनला आहे, युरोला आहे, मग आपल्याच रुपयाला का नको? शिवाय ‘रुपया’ हे नाव नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, मॉरिशस यांच्याही चलनाला आहे. नुसतं ‘आर-एस’ लिहिलं तर रुपया नेमका कुणाचा, ते कळायचं कसं? देशभरातून तीन हजारांहून जास्त चिन्हं आली. त्यातली पाच शेवटच्या फेरीत पोचली. आणि १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं उदयकुमार यांच्या चिन्हावर शिक्कामोर्तब केलं. बक्षीस होतं अडीच लाख रुपये.

आता पेन्सिल घ्या आणि माझ्याबरोबर काढा. आपला साधा ‘र’ काढा. त्यावर शिरोरेषा द्या. तिच्या खाली थोडी जागा सोडून तिला समांतर अशी दुसरी रेघ मारा. झालं! इतकंच आहे ते. आता दुसऱ्या बाजूनं पाहा. रोमन लिपीतलं मोठं ‘आर’ काढा आणि त्याचा डावीकडचा उभा दांडा खोडून टाका. जे उरतं ते आपल्या ‘र’च्या किती जवळ जातं, पाहिलंत? म्हणजे एकाच आकारात दोन लिप्या हातात हात घालून बसल्या आहेत. वरच्या दोन रेघा आणि मधली पांढरी फट बघून काहींना तिरंगा आठवतो, काहींना ‘बरोबर’चं चिन्ह दिसतं. हे सगळं उदयकुमार यांनी मनात धरलेलंच होतं.

मला स्वतःला यातली सगळ्यात मजेची गोष्ट वेगळीच वाटते. तमिळ लिपीला शिरोरेषा नसते. अक्षरं आपापली सुटी उभी असतात. तुम्ही-आम्ही पहिलीपासून अक्षरांच्या डोक्यावर रेघ मारत आलो, बाईंनी ‘रेघ द्यायची राहिली’ म्हणून कान पकडला असेल, पण ती रेघ आपण कधी ‘पाहिली’ का? नाही. सवयीनं ती आपल्याला दिसेनाशीच झाली. ज्याच्या मातृभाषेच्या लिपीत ती नाही, त्याच्या डोळ्यांत मात्र ती नेमकी भरली.

डिझाइन शिकणं म्हणजे निम्मंअधिक हेच. रोजची गोष्ट पहिल्यांदा पाहिल्यासारखी पाहायची!

विश्वास बसत नाही? मग आता एक काम करा. स्वयंपाकघरात जा आणि तांब्या घेऊन या. प्लास्टिकचा जग नको, जुना पितळेचा किंवा स्टीलचा तांब्या हवा. त्याच्या गळ्याला बोटांनी पकडा. बोटं कशी आपोआप गळ्यात बसली? वरचा काठ बाहेर वळलेला आहे, म्हणून ओला हात असला तरी तांब्या निसटत नाही. पोट गोल आणि मोठं, म्हणून पाणी भरपूर मावतं, पण तोंड लहान, म्हणून चालताना हिंदकळून सांडत नाही. पण तोंड लहान म्हणजे किती लहान? आत हात घालून घासता येईल इतकं मोठं तर हवंच! आता पाणी ओता. धार सांडते का बाजूला? घरी पाहुणे आले की आजी तांब्याभांडं पुढे करते, तेव्हा तो देताना आणि घेताना कसा वाटतो? उन्हात ठेवला की कसा चमकतो?

हे सगळे प्रश्न माझ्या डोक्यातून आलेले नाहीत बरं का. चार्ल्स आणि रे ईम्स नावाचं एक अमेरिकन जोडपं होतं. दोघंही जगप्रसिद्ध डिझायनर. भारत सरकारनं त्यांना बोलावलं, ते देशभर हिंडले आणि १९५८ साली त्यांनी सरकारला एक अहवाल दिला. परदेशी पाहुणे म्हणजे ताजमहालाचं कौतुक करणार, असंच आपल्याला वाटेल ना? पण या दोघांनी देशात पाहिलेल्या वस्तूंमध्ये सगळ्यात वरचा मान दिला लोट्याला, म्हणजे आपल्या तांब्याला! तो करायचा तर किती गोष्टींचा विचार लागेल, याची त्यांनी भली मोठी प्रश्नावलीच मांडली. डोक्यावरून नेणार की कमरेवरून, रिकामा असताना तोल कसा, भरल्यावर कसा, धातू कोणता, किंमत किती. आणि असंही म्हटलं की हा आकार कुणा एका माणसाचा नाही, पिढ्यान् पिढ्या अनेक हातांनी थोडा थोडा बदलत तो इथवर आला आहे. मला तर हे वाचल्यापासून तांब्याला पाय लागला की नमस्कार करावासा वाटतो.

या अहवालानंतर १९६१ साली अहमदाबादेत, साबरमतीच्या काठी पालडी भागात, ‘राष्ट्रीय डिझाइन संस्था’ सुरू झाली. इंग्रजी नावाची आद्याक्षरं घेऊन सगळे तिला ‘एनआयडी’ म्हणतात. आता तुम्हाला डोळ्याची गोष्ट सांगतो. ती याच संस्थेतली.

टीव्हीवर शंभर वाहिन्या नव्हत्या, एकटं दूरदर्शन होतं, त्या काळात संध्याकाळी पडद्यावर एक आकृती गोल गोल फिरत यायची, मागे ती ओळखीची धून वाजायची, आणि शेवटी एक डोळा तयार व्हायचा. आईबाबांना नुसती ती धून गुणगुणायला सांगा, पाहा त्यांचा चेहरा कसा होतो ते! १९७० च्या दशकात एनआयडीत देवाशिष भट्टाचार्य नावाचा एक विद्यार्थी होता. वर्गात एक काम मिळालं होतं, म्हणून त्यानं एका वर्तुळाभोवती दोन वळणदार रेषा काढल्या. चीनमध्ये यिन आणि यांग अशी एक जुनी कल्पना आहे. उजेड आणि अंधार असे दोन विरुद्ध भाग एकमेकांत गुंफून एकच गोल पूर्ण करतात. ती त्याच्या मनात होती. चित्र त्यानं आपल्या सरांकडे, विकास सातवळेकरांकडे, दिलं. दूरदर्शनच्या चिन्हासाठी एकूण चौदा चित्रं पुढे गेली, आठ विद्यार्थ्यांची आणि सहा शिक्षकांची. त्या वेळच्या पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी निवडलं ते देवाशिषचं. म्हणजे सगळ्या सरांची चित्रंही मागे पडली!

त्याला हलवलं ते एनआयडीच्याच आर. एल. मिस्त्री यांनी. आज तुम्ही संगणकावर दोन मिनिटांत एखादं चित्र फिरवता. तेव्हा संगणक कुठला? चित्राच्या प्रती काढायच्या, कॅमेऱ्याखाली ठेवायच्या, किंचित फिरवायच्या, फोटो काढायचा, पुन्हा किंचित फिरवायच्या, पुन्हा फोटो. असं करत करत शेवटी डोळा जुळवायचा. धून बांधली पंडित रविशंकर यांनी उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांच्यासोबत. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, आणि तो डोळा घराघरांत पोचला.

अहमदाबादचीच अजून एक गोष्ट. स्टेट बँकेचं चिन्ह आठवा. निळा गोल, मधोमध छोटा पांढरा गोल आणि त्यातून खाली आलेली एक सरळ पांढरी पट्टी. एनआयडीच्या शेखर कामत यांनी ते १९७१ साली केलं. आता अहमदाबादेत कांकरिया नावाचा मोठा जुना तलाव आहे. तलावाच्या मध्यावर ‘नगीना वाडी’ नावाची बाग आणि काठापासून बागेपर्यंत गेलेला सरळ रस्ता. वरून पाहिलं तर थेट स्टेट बँक! त्यामुळे कामतांना हे चिन्ह कांकरियावरूनच सुचलं, अशी कथा शहरात पसरली. दुसरे लोक म्हणतात, छे, ही तर कुलपाची किल्ली घालायची जागा. कुणाला त्यात मोठ्या वर्तुळाच्या मध्यभागी उभा असलेला छोटा माणूस दिसतो. मला विचाराल, तर तलावाची कथा ऐकायला झकास आहे, पण ती खरीच मानायचं कारण नाही. माणसं चिन्ह आधी पाहतात आणि मग त्यात आपलं गाव शोधतात. तुम्हीही आकाशातल्या ढगात हत्ती शोधताच की!

तरी शहर डोक्यात शिरतं, हे खरंच. अहमदाबादेत डिझाइन शिकणारी मुलं वर्गात जेवढं शिकतात तेवढंच पोळांमध्ये शिकतात. पोळ म्हणजे जुन्या शहरातली दाट वस्तीची गल्ली. लाकडी नक्षीचे खांब, मधला चौक, अंगणाखालचं पावसाच्या पाण्याचं टाकं. कडक उन्हाळ्यात विजेशिवाय घर थंड कसं ठेवायचं, ते या घरांना शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. आणि उत्तरायण, म्हणजे आपली संक्रांत, आली की गल्लोगल्ली पतंग तयार होतात. पतंग करणाऱ्या कारागिराचे हात पाहत बसावेत. एक पातळ कागद, बांबूच्या दोन काड्या, थोडी खळ. एक काडी उभी, दुसरी कमानीसारखी वाकवलेली. यातलं काय काढून टाकाल? काहीच नाही. काय वाढवाल? वाढवलंत तर पतंग गोते खाईल. कारागिराकडे डिझाइनची पदवी नसते. पण पदवी घेणारी मुलं त्याच्या ओट्याशी वही घेऊन बसतात, ते उगीच नाही.

मुंबईचा वर्ग आणखी मोठा आणि आणखी गोंगाटाचा! पवईचं ते सेंटर सुरू झालं १९६९ साली. एका बाजूला तलाव, मागे डोंगर, त्यामुळे आवारात शिरलं की आपण मुंबईत आहोत हेच विसरायला होतं. पण मुलं आत बसून राहिली तर शिकणार काय? कांजूरमार्गला जायचं, लोकल पकडायची आणि शहरात उतरायचं. खिशात छोटी वही. वहीत काय? दादरच्या फुलबाजारातल्या पाट्या कशा बांधल्या आहेत, बसची पहिली पायरी म्हाताऱ्या आजीला किती उंच पडते, दाराशी लटकणारा माणूस नेमकं कशाला धरतो, पाणीपुरीवाल्याचा हात एकाच जागी बसून किती डब्यांपर्यंत पोचतो. हे सगळं चित्रात उतरवायचं, माप घ्यायचं, आणि वेळ पडली तर आजीलाच विचारायचं, ‘आजी, चढताना कुठे दुखतं?’

धारावीतला कुंभारवाडा तर बघण्यासारखाच. सौराष्ट्रातून आलेले कुंभार तिथे पिढ्यान् पिढ्या पणत्या आणि माठ घडवतात. चाकावरचा माठ केव्हा ‘झाला’ हे त्यांना कसं कळतं? मोजपट्टी नाही, काटा नाही. बोटांनाच कळतं. नवख्या विद्यार्थ्याच्या हाताखाली तोच गोळा वाकडातिकडा होऊन कोसळतो, आणि भोवतालची चिल्लीपिल्ली खो-खो हसतात.

आणि डबेवाले! महादू बच्चे यांनी १८९० च्या सुमारास हे काम सुरू केलं. पुढे यात आले ते बहुतेक मावळ, खेड, जुन्नर या आपल्या पुणे जिल्ह्यातल्या भागांतले. अनेकांचं शिक्षण बेताचंच. मग गिरगावचा डबा गोरेगावला गेला नाही तो कसा? झाकणावरच्या रंगीत खुणांमुळे! एक ठळक आकडा सांगतो, डबा कोणत्या भागात उतरवायचा. बाजूची अक्षरं सांगतात कोणती इमारत, एक आकडा सांगतो कितवा मजला, आणि दुसरी खूण सांगते डबा मुळात कुठून उचलला. पूर्ण पत्ता नाही, नाव नाही, तरी डबा दुपारी बरोबर त्याच टेबलावर! धावत्या गर्दीत, डोक्यावरच्या लांब फळीत चाळीस डबे असताना पत्ता वाचायला वेळ कुणाला? एका नजरेत कळलं पाहिजे. रुपयाच्या चिन्हालाही नेमकं हेच जमावं लागतं. २०२० च्या टाळेबंदीनंतर डबेवाल्यांची संख्या फार घटली, पण त्या खुणा अजून डिझाइनची मुलं अभ्यासतात.

अक्षरांचं वेड पवईला जुनंच. कोल्हापुरात जन्मलेले र. कृ. जोशी, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेले, कवी आणि सुलेखनकार, तिथे बरीच वर्षं शिकवत होते. संगणकावर मराठी वाचताना ‘मंगल’ नावाचा टंक तुम्ही पाहिला असेल. त्याची अक्षरं जोशी सरांची! शाळेच्या कितीतरी सूचना, निकाल, परिपत्रकं त्यांच्या अक्षरात छापली गेली आणि कुणालाच ते माहीत नाही.

आता थोडं पालकांशी बोलतो. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट या परीक्षांना आपण मुलांना बसवतो, दहावीला चार गुण जास्त मिळतात म्हणून. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर! मुलगी घड्याळ उघडून बसली, मुलगा वहीच्या समासात अक्षरांची वळणं गिरवत राहिला, तर आपण म्हणतो, ‘अभ्यास सोडून हे काय?’ तुमची काळजी खोटी नाही. या वाटेवर जागा कमी आहेत, प्रवेशपरीक्षा अवघड आहेत, काही संस्थांची फी ऐकून छातीत धस्स होतं, आणि सगळ्यांची चिन्हं नाण्यावर जात नाहीत. रुपयाच्या स्पर्धेत तीन हजारांहून जास्त चिन्हं आली आणि एक सोडून बाकी सगळी मागे राहिली, हेही मुलांना सांगाच. दहा कल्पना मांडायच्या, नऊ फाडल्या जाताना पाहायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोऱ्या कागदापुढे बसायचं, हे त्या शिक्षणातलं रोजचं जेवण आहे. ज्याला ते पचत नाही त्यानं दुसरी वाट धरावी, त्यात कमीपणा नाही. पण घड्याळ उघडणाऱ्या मुलीला ‘वेळ वाया घालवतेस’ म्हणू नका. जमलंच तर छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणून द्या. फक्त घड्याळ जुनं द्या!

ज्यांना पुढची माहिती हवी त्यांच्यासाठी: बारावीनंतर एनआयडीची स्वतःची प्रवेशपरीक्षा असते. आयआयटीतल्या डिझाइनच्या पदवीसाठी ‘यूसीड’ नावाची परीक्षा २०१५ पासून होते आणि ती कोणत्याही शाखेचा विद्यार्थी देऊ शकतो. होय, कला आणि वाणिज्यवालेसुद्धा! तिथे नुसतं सुंदर चित्र काढून भागत नाही. रोजच्या वस्तूंबद्दल चक्रावून टाकणारे प्रश्न असतात. तांब्याकडे नीट पाहिलेल्या मुलाला ते कमी चक्रावतात.

तर आता तुमची पाळी. तुमच्या गल्लीत, बाजारात, एसटी स्टँडवर किंवा आजीच्या फडताळात अशी एखादी वस्तू शोधा, जी कुणी केली ते कुणालाच ठाऊक नाही, पण जी आपलं काम चोख करते. अडकित्ता चालेल, विळी चालेल, उसाच्या गुऱ्हाळाचा चरक चालेल, रद्दीवाल्याचा तराजू चालेल. ती तासभर निरखा, वापरणाऱ्या माणसाला दोन प्रश्न विचारा आणि तिचं चित्र काढून आमच्याकडे पाठवा. चित्र सुबक नसलं तरी चालेल. पण ती हातात कशी धरतात आणि कुठे बोचते, हे बाजूला बाण काढून जरूर लिहा. आणि पाकिटावर नाव, इयत्ता, गाव हे सगळं वाचता येईल अशा अक्षरात!